मोकळ्या हातानं या

टीव्ही बसवायला आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा." मी सांगितला. मग म्हणाला, "आता मेलवर एक लिंक आली असेल." ती उघडली. मग वायफायचा पासवर्ड, जो मला कधीच आठवत नाही. एवढं सगळं झाल्यावर टीव्हीनंच जाहीर केलं की तो आता अपडेट होणार आहे, कुणी बंद करू नये. तासापूर्वी खोक्यातून निघालेली वस्तू इतक्यात जुनी कशी झाली, असं मी त्या माणसाला विचारलं. तो हसला, चहा प्यायला आणि पुढच्या घरी गेला.

खरं सांगायचं तर मी दमले आहे. आधीच्या टीव्हीला काही झालं नव्हतं. चित्र स्वच्छ दिसत होतं, आवाज खणखणीत होता, पण मुलांना हवं ते त्यावर आता चालणार नाही म्हणे. त्याच्याआधी फोनचं हेच झालं, त्याच्याआधी दाराच्या बेलचं. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला आपलं नाव सांगायचं, भाषा निवडायची आणि ‘सहमत आहे’ म्हणायचं. लग्नातसुद्धा मी इतक्या वेळा होकार दिला नव्हता. वायरींनी भरलेला एक खण आहे, त्यातली कुठली कशाची हे सांगू शकेल असं आमच्या घरात आता कुणी नाही.

म्हणजे तसं आहे एक माणूस. खिडकीजवळच्या दिवाणावर माझे वडील बसले होते. आप्पा. गेल्या दिवाळीपासून ते गाव सोडून आमच्याकडे सांगलीला आलेत. फरशीवर पडलेल्या थर्माकोलच्या तुकड्यांकडे ते बघत होते. खोलीभर कोऱ्या प्लॅस्टिकचा आणि पुठ्ठ्याचा वास सुटला होता, आणि तो वास आला की मी कुठेही असले तरी गावच्या घराच्या सोप्यात जाऊन उभी राहते.

आमचं गाव वडूजच्या पुढं. आप्पा फौजेत होते, बिनतारी संदेशाच्या कामावर. सुट्टीवर यायचे ते लोणंदला रेल्वेतून उतरून, पुढं मिळेल त्या एसटीनं, नाहीतर माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं. त्यांची पांढऱ्या रंगात नाव घातलेली काळी ट्रंक आधी खाली यायची आणि तिच्या मागून एक खोकं. खोकं नसलेली एकही सुट्टी मला आठवत नाही. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, आणि फौजी माणसाच्या घरात मिलिटरी कॅन्टीनमधून स्वस्तात काही ना काही येणार हे गावानं धरूनच ठेवलेलं असायचं. जीप वळणावर दिसली की पोरं पळत यायची, ती आप्पांना बघायला नव्हेच, खोक्यात काय आहे ते बघायला.

पहिल्यांदा टू-इन-वन आला, रेडिओ आणि टेप एकातच. मग मिक्सर, मग पांढऱ्या-काळ्या चित्राचा टीव्ही, त्याच्यापाठोपाठ त्याचा स्टॅबिलायझर, कारण आमच्याकडची वीज संध्याकाळी अशी मंद व्हायची की बल्बची तार मोजता यावी. कुठलीही वस्तू आई आधी पाटावर मांडायला लावायची. तिला हळद-कुंकू वाहिल्याशिवाय आणि नारळ फोडल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

"आगं, पानी जाईल त्यात," आप्पा ओरडायचे.

"जाऊ दे. घरात आलेल्या बाईला कुंकू लावावं लागतं." मग त्या वस्तूकडे वळून आई म्हणायची, "या बाई. ही कितवी सवत म्हनायची आमची?"

"तुला सुख व्हावं म्हून आनतोय, आन् तू सवत म्हन."

"सुख तर माळवदावर चढून बसलंय," आई म्हणायची आणि हसत चुलीकडे जायची.

ते खरंच होतं. टीव्ही आणला त्या सुट्टीत आप्पा जमिनीवर कमी आणि धाब्याच्या छपरावर जास्त होते. अँटेनाचं तोंड साताऱ्याच्या किल्ल्यावरच्या मनोऱ्याकडे करायचं होतं, आणि मधे किती डोंगर. हुरड्याचे दिवस होते. शेजारच्या रानातून भाजल्या कणसांचा वास यायचा, वारा असा गार की आप्पांचे हात पाइपला चिकटायचे, आणि खाली सोप्यात दाराशी आई उभी असायची, चित्र आलं की सांगायला.

"आलं का?"

"न्हाई."

"आता?"

"मुंग्याच हाईत."

"आता गं?"

"आलं, आलं. उतरा आता. भाकरी गार हुतीया."

आप्पा उतरून आत यायचे तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. "कुठं आलंय?" ते विचारायचे. "मला दिसतंय की," आई म्हणायची. मी तिच्याजवळच उभी असायची, म्हणून सांगते, तिचं टीव्हीकडे लक्षच नसायचं. ती उंबऱ्यात अशी उभी राहायची की तिथून माळवदाची कड दिसेल.

सुट्टी अशीच संपायची. अर्थिंगचा खड्डा, त्यात मीठ-कोळसा, रोज त्याला पाणी. इंग्रजी पुस्तिका मांडीवर घेऊन एकेक शब्द लावत बसलेले आप्पा, खिशाला टेस्टर. सगळं नीट लागलं की त्यांची निघायची वेळ झालेली असायची. ते गेले की चार दिवसांत एखादं माकड अँटेनाला लोंबकळायचं आणि पुन्हा मुंग्या. दुरुस्त करणारा माणूस सीमेवर. मग आई त्या टीव्हीवर लोकरीच्या फुलांचं कापड घालायची आणि तो पुढच्या सुट्टीपर्यंत देवासारखा गप्प बसून राहायचा. पुढच्या सुट्टीत आप्पा त्याला बघून हळहळायचे आणि नव्या खोक्याची दोरी सोडायला घ्यायचे.

एकच वस्तू आई स्वतः चालवायला शिकली, ती म्हणजे टू-इन-वन. कारण तिच्यातून आप्पा बोलायचे.

आमच्या भागात तेव्हा ही रीतच होती. चिठ्ठी लिहायची तर कुणाकडून तरी लिहून घ्यावी लागे, आणि दुसऱ्याच्या हातानं नवऱ्याला काय सांगणार. त्यापेक्षा कॅसेट बरी. आप्पांच्याच पलटणीत आमच्या आळीतले संपतकाका होते, आणखीही दोघं-तिघं. जो सुट्टीवर येईल तो कॅसेट घेऊन यायचा, जो परत जाईल तो घेऊन जायचा. आमची कॅसेट एकच. म्हसवडच्या जत्रेत घेतलेली, सिद्धनाथाच्या गाण्यांची. तिच्या वरच्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले की तिच्यावर आपला आवाज भरता येतो, हे आप्पांनी आईला दाखवलं होतं. एका बाजूची गाणी त्यांनी अशी पुसली, तेव्हा आईनं देवापुढे नाक घासून माफी मागितली होती. दुसऱ्या बाजूला ती काही केल्या हात लावू देईना. देवाचं पुसून आपलं भरायचं म्हणजे काय.

त्यामुळे बोलायला एकच बाजू. आप्पांनी भरून पाठवलेलं आई ऐकायची, दोन-चार दिवस पुन्हा पुन्हा ऐकायची, आणि परत जाणारा जवान निरोप घ्यायला आला की त्याच बाजूवर आपलं बोलणं भरायची. तिचं भरलं की आप्पांचं गेलं. तिकडे आप्पांचं भरलं की तिचं गेलं. दोघांचा आवाज त्या कॅसेटवर एकदम कधी राहिलाच नाही. तेव्हा यात काही वाईट आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. भाकरीचं पीठ संपतं आणि परत दळून आणतात, तसंच ते होतं.

आईचं बोलणं भरणं म्हणजे एक सोहळा असायचा. सकाळपासून सेल माळवदावर उन्हात ठेवलेले असायचे, कुरडयांच्या शेजारी, म्हणजे जरा जीव धरतील. दिवेलागणीला धारा काढून झाल्या की ती हातपाय धुऊन डोक्यावर पदर घ्यायची. यंत्रासमोर पदर कशाला, असं मी विचारलं की म्हणायची, "त्यास्नी ऐकू जातंय नव्हं?" मग दोन बटणं एकदम दाबायची आणि सुरुवातीला नुसताच श्वास घेत बसायची.

"आवं, ऐकताय नव्हं? हितं समदं बरं हाय. कांदा काढाय आलाय. म्हस गाभन हाय. पोरगी आभ्यास करती. थंडी लय हाय का तिकडं? स्वेटर घालताय का ट्रंकंत ठिवलाय?" असं बरंच. मधेच शेळी ओरडायची, कुणीतरी दारात येऊन खोकायचं. बोलून झालं की बंद करायचं बटण तिला पटकन सापडायचं नाही. ती चाचपायची, बांगड्या वाजायच्या, आणि मग खट्.

शेवटी जी कॅसेट तिनं पाठवली ती भरताना मी शेजारीच पाटी घेऊन बसले होते. नेहमीचं सगळं बोलून झालं. मग पदर सारखा करून ती म्हणाली, "आता एक सांगती, राग धरू नगा. आता काय बी आनू नगा. लय झालं. घरात ठिवाय जागा न्हाई, आन् लावाय तुमी नसता. ह्या बारीला मोकळ्या हातानं या. माळवदावर चढायचं न्हाई. माझ्यापशी बसा."

संक्रांतीनंतर संपतकाका सुट्टीवर आले ते उत्तर घेऊनच आले. आप्पांचा आवाज त्यात जरा घोगरा होता, मागं कुणीतरी हिंदीत हाका मारत होतं. "हां, ऐक. स्वेटर घालतोय. थंडी हाय, पन सोसंल इतकी. तू म्हनलीस ते पटलं मला. मोकळ्या हातानं येतो. ट्रंक बी न्हाई, नुसती पिशवी घिऊन येतो. पाडव्याला घरात. आन् बसतो तुझ्यापशी. तू ऊठ म्हनशील तवाच उठतो."

आई ते ऐकून हसली आणि मग उगाचच मला रागावली, मी ऐकत बसले म्हणून.

संपतकाका परत निघाले तेव्हा रिवाजाप्रमाणे कॅसेट न्यायला आले. आईनं त्यांना चहा दिला, शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, आणि कॅसेट मात्र दिली नाही. "न्हाई देत, भावजी. ह्यो आवाज पुसायचा न्हाई मला. आन् आता पाठवायची तरी कशाला? आता त्येच येनार हाईत की."

त्यानंतरचे दिवस हे माझ्या लहानपणातले सगळ्यात सुंदर दिवस आहेत, आणि मला ते आठवायला नको वाटतात. आईनं सोपा सारवला. घोंगडं धुऊन वाळवून, घडी करून भिंतीशी ठेवलं, आप्पांना बसायला. दुपारी कामं आटोपली की ती सेल घालून ‘बसतो तुझ्यापशी’ तेवढंच वाक्य ऐकायची आणि कॅसेट मागं घ्यायची. कांद्याच्या पातीचा वास तिच्या बोटांना असायचा, त्यामुळे टू-इन-वनच्या बटणांनाही तो लागला होता. पाडव्याला गुढी उभी राहिली. आईनं पुरण घातलं आणि आप्पांचं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी गुढी उतरवली, ताट तसंच होतं. "गाडी चुकली आसंल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. मग तिनं ते म्हणणं सोडून दिलं, पण जीपचा आवाज आला की चुलीपुढची उठून उंबऱ्यात यायची.

वैशाखात आई गेली. कशानं, ते मला इथं लिहायचं नाही. वडूजच्या दवाखान्यात नेलं आणि परत आणलं, एवढंच.

पलटणीला तार केली होती, पण आप्पा तोवर तिकडून निघालेले होते. वाटेतल्या माणसाला कोण कळवणार. दोन दिवसांनी वळणावर जीप दिसली. दारात माणसं बसलेली होती. जीप थांबली, आप्पा उतरले आणि हसत हसत मागच्या बाजूला गेले, कारण मागं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं, भलंमोठं खोकं होतं. रंगीत टीव्हीचं. दोघं-तिघं पुरुष उठले आणि काही न बोलता ते खोकं उतरवू लागले. त्यांच्या गप्प राहण्यावरून आप्पांना काहीतरी कळलं असावं. खोक्याचं एक टोक हातात धरूनच त्यांनी विचारलं, "ती कुठाय?"

त्या टीव्हीला हळद-कुंकू लागलं नाही. कितीतरी दिवस ते खोकं सोप्यात होतं. सांत्वनाला आलेली माणसं जागा नसली की त्याच्यावर बसायची. पुढं मामांनी ते सांगलीला नेलं, आणि मलाही नेलं, शाळेसाठी. कॅसेट टू-इन-वनमध्येच राहिली होती, ती मी काढून दप्तरात घातली.

मामांच्या घरी डेक होता. घरात कुणी नसलं की मी ती कॅसेट लावायची. आप्पांचं बोलणं आईच्या बोलण्यापेक्षा थोडंसं आखूड पडलं होतं, त्यामुळे त्यांचं संपल्यावर आधीचं तेवढंच टोक शिल्लक होतं. शब्द नाही एकही. बांगड्या वाजतात आणि खट्. माझ्या आईचं या जगात तेवढंच राहिलं होतं, आणि मी ते ऐकायला शाळा चुकवायची. मग डेक गेला आणि सीडीचा आला. सीडीचा गेला आणि आणखी काही आलं. लग्नानंतर मी हट्टानं एक जुना टेपरेकॉर्डर सांभाळला होता, तो एका एक्स्चेंज ऑफरमध्ये घरच्यांनी देऊन टाकला, चांगली किंमत येत होती म्हणून. मी घरी आले तेव्हा त्या जागी नवा स्पीकर होता आणि तो माझं नाव विचारत होता. त्या दिवसापासून मला या सगळ्याचा वीट आलाय. दमणं वेगळं आणि हे वेगळं.

तर आज तो माणूस गेल्यावर मी वायरींच्या खणात एक केबल शोधत होते. खणातलं सगळं दिवाणावर ओतलं, आणि त्यात ती कॅसेट होती. आप्पांनी ती उचलली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वरच्या खाचेतला कागदाचा बोळा अंगठ्यानं चाचपला.

"ही हाय व्हय अजून?"

"हाय की, आप्पा. माझ्यापशीच हुती." त्यांच्याशी बोलताना माझं सांगलीचं बोलणं आपोआप पुसलं जातं.

त्यांनी कॅसेट कानाशी नेऊन हलवून पाहिली. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा चेहरा इतका कोवळा झाला की मला बघवेना. "तिनं भरली हुती? आवाज हाय तिचा हिच्यात?"

"न्हाई, आप्पा. शेवटाला बांगड्या वाजत्यात तिच्या. आवाज तुमचा हाय."

"माझा कसा? माझा आसंल तर तिनं…" ते थांबले. "मंजी तिनं भरलीच न्हाई. संपत आला आन् म्हनला, वहिनीनं कॅसेट दिली न्हाई. मी म्हनलं, काय निरोप? तर न्हाई म्हनला, लाडू दिल्यात. मी वळखलं, रागावलीया. मोकळ्या हातानं या म्हनली ती बी रागानंच म्हनली आसंल, बारका टीव्ही चालना म्हून. कॅन्टीनमधी रंगीतसाठी नंबर लावला. म्हनलं रंगीत बघून हसंल. नंबर लागस्तवर सुट्टी फुडं ढकलली." हे सगळं ते कॅसेटकडे बघत बोलत होते. "रागातच गेली ती. एवढी वर्सं झाली, माझ्या मनातनं जात न्हाई."

आप्पांनी हे मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे आईचं बोलणं संपतकाकांनी त्यांच्यापर्यंत पोचवलंच नव्हतं. आणि मला वाटलं, आता तरी यांच्या छातीवरचा धोंडा उतरवता येईल. माझ्याकडे होतं ते द्यायला. मी त्यांच्याजवळ बसले.

"आप्पा, ती रागावली नव्हती. मी तिथंच हुते. संपतकाकास्नी म्हनली, ह्यो आवाज पुसायचा न्हाई मला. आता त्येच येनार हाईत, म्हनली. तुमच्यासाठी घोंगडं धुतलं. रोज दुपारी तुमचंच लावून ऐकत बसायची. खुशीत हुती, आप्पा."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

"पाडव्याला?"

काय विचारताहेत ते मला कळलं, आणि खोटं बोलायला हवं होतं ते सुचलं नाही. "ताट झाकून ठिवलं हुतं," मी म्हणाले.

"आन् त्येच्या फुडं?"

"जीप वाजली की उंबऱ्यात यायची."

आप्पांनी मान हलवली. इतकी वर्षं त्यांनी एक रागावलेली बायको मनात सांभाळली होती, तिची समजूत काढत, तिच्याशी भांडत. ती मी एका मिनिटात त्यांच्याकडून काढून घेतली आणि तिच्या जागी उंबऱ्यात उभी असलेली एक बाई ठेवली. त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली, पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

"रागात गेली आसती तर बरं झालं आसतं, पोरी," भिंतीकडे बघतच आप्पा म्हणाले.